पलटणीतला मुलगा आणि घरातली माणसे

(शिरड शहापूर येथील उपासक-उपासिकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेत मी धम्मावर बोलावे, अशी चालकांची इच्छा होती. परंतु त्या विषयावर बोलण्याचा अधिकार ज्यांनी अभ्यास केला त्यांचा आहे. मी फौजेत आयुष्याचा उमेदीचा काळ घालविलेला मनुष्य आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले आज पलटणीत आहेत, कित्येकांची भरतीची तयारी करीत आहेत. आज पहाटे मी औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फिरावयास गेलो, तेव्हा दहा-बारा पोरे अंधारात धावताना दिसली. त्यांतील एकाने पायांत बूट नसता मला मागे टाकले. त्या पोराच्या आईबापांशी मला बोलावयाचे आहे. पलटणीत शिपायाच्या मनावर कसला भार असतो, त्याला आपल्या नोकरीत समाधान कशाने वाटते, आणि त्या समाधानात घरातल्या माणसांचा वाटा किती, एवढाच आजचा विषय आहे.

शिपाई हा या मुलखाला नवा नाही. निजामाच्या पैशावर पोसलेल्या हैदराबाद काँटिंजंट नावाच्या फौजेची एक छावणी आपल्या हिंगोलीस होती व ती १९०३ सालापर्यंत चालली. परंतु छावणी जवळ असणे वेगळे आणि छावणीत आपल्या माणसाला मानाने जागा असणे वेगळे. ती जागा आपल्या समाजाने मिळविली, गमावली व पुन्हा मिळविली. त्या इतिहासात मी फार रेंगाळणार नाही. पण आजच्या प्रश्नाचे मूळ तेथे असल्यामुळे थोडे सांगणे भाग आहे.

१ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत महार शिपाई लढले, व तेथील स्तंभावर पडलेल्यांच्या यादीत ‘नाक’ प्रत्यय असलेली त्यांची नावे कोरलेली आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. त्यापेक्षा कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, त्या काळच्या मुंबई इलाख्याच्या फौजेने या शिपायाला नुसता पगार दिला नाही. त्याला व त्याच्या मुलांना अक्षरओळख दिली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवीत होते, आणि १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला तो महूच्या छावणीत. गावात ज्याला पाणवठ्यावर उभे राहू देत नसत, त्याला कवायतीच्या मैदानावर नावाने हाक मारली जात होती व त्याच्या हुकुमाने रांग वळत होती. नोकरीतील समाधान म्हणतात ते हेच. रुपये तर त्याला फार मिळत नव्हते.

पुढे १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच सरकारने ही भरती बंद केली. काही जाती लढवय्या व काही बिनलढवय्या, असे एक शास्त्र सरकारी कचेऱ्यांतून निघाले आणि कोरेगावच्या शिपायाचा नातू बिनलढवय्या ठरला. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. बाबासाहेब १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्या रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे व तिच्यात निरनिराळ्या समाजांचे जवान एकत्र नोकरी करतात.

आता या इतिहासातील एक दुखरी जागा पाहा. छावणीत मान मिळविलेला मनुष्य रजेवर किंवा निवृत्त होऊन गावी येई, तेव्हा काय होई? बाबासाहेबांनी आपल्या लहानपणाची एक हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे. सुमारे १९०१ सालची ती गोष्ट. साताऱ्याहून गोरेगावी वडिलांकडे निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. त्यांच्या अंगावर चांगले कपडे होते. त्यांची जात कळताच एकही गाडीवाला त्यांना नेण्यास तयार होईना, आणि त्या प्रवासात त्यांना रात्रभर पाणी मिळाले नाही. ही सुभेदाराची मुले होती! बापाचे पद स्टेशनाच्या फाटकापर्यंतच पुरले. पलटणीत एक माणूस आणि गावात दुसरा माणूस, अशी एकाच देहाची दोन माणसे करणे, हा आपल्या शिपायाच्या मनावरचा सर्वांत जुना भार होय. तो आज पूर्वीच्या रूपात राहिलेला नाही; पण नाहीसा झाला, असे म्हणण्यास माझी जीभ वळत नाही.

तेव्हा आजच्याकडे येऊ. आपणांस वाटते, शिपायाला भार असतो तो गोळीचा, बर्फाचा, सीमेचा. तो आहेच. काश्मिरातील पहाऱ्यावर महिनोन्महिने काही घडत नाही आणि घडते तेव्हा क्षणात घडते. या न घडण्याची वाट पाहणेच माणसाला आतून झिजविते. मी स्वतः उंचावरच्या एका चौकीवर सुमारे तीन महिने काढले. आम्ही आठ जण होतो. एकच स्टोव्ह, डब्यातले अन्न, चार पावले चाललो की छाती भरून येई. तरीही सांगतो, माझ्या नोकरीतले ते दिवस समाधानाचे होते. कोण कोणत्या समाजाचा, हे त्या बर्फात कोणी विचारीत नव्हते. ज्याच्या हातात दोर, त्याच्यावर सर्वांचा जीव. आणि घरी सारे ठीक आहे, असे मी तेव्हा समजत होतो.

त्यानंतर माझी बदली एका शांत ठिकाणी झाली. पक्की बराक, वेळेवर जेवण, संध्याकाळी व्हॉलीबॉल. तेथे माझी झोप उडाली. कारण घरून फोन आला की, शेताच्या बांधावरून भांडण झाले, भावाला मारहाण झाली, तलाठ्याकडे नोंद फिरविली गेली, आणि आई म्हणाली, “तू तिथे बंदूक घेऊन बसलास, इथे आमचे कोण?” मी रजेचा अर्ज केला. वरच्या एका अधिकाऱ्याने तो परत करताना एक वाक्य उच्चारले. ‘तुम्हा लोकांची’ भांडणे कधी संपतात काय, असा त्याचा अर्थ होता. त्याचे किंवा त्या तुकडीचे नाव घेण्याचे कारण नाही. पण आपण विचारा मला, कोणता भार जड होता? बर्फाचा की त्या वाक्याचा? चौकीवर मी थकत होतो आणि झोपत होतो. येथे मी थकतही नव्हतो आणि झोपतही नव्हतो.

एके रात्री मी पहाऱ्यावर होतो. आमचे सुभेदारसाहेब फेरीवर आले. त्यांनी दोनदा हाक दिली, ती मला ऐकूच आली नाही. दुसरा कोणी असता तर मला शिक्षा झाली असती. त्यांनी माझ्या हातातली रायफल काढून दुसऱ्याला दिली, मला लंगरात नेले, चहा करावयास लावला आणि एवढेच विचारले, “घरून काय आले?” त्यानंतर मी अर्धा तास बोलत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पहाऱ्यावरून काढून स्टोअरच्या कामाला लावले व कमान अधिकाऱ्यांपुढे उभे केले. कमान अधिकाऱ्यांचे पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. रजा मिळाली ती दहा दिवसांनी. पण झोप मला त्याच रात्री लागली होती.

ही माझ्या एकट्याची कथा असती, तर मी आपला वेळ घेतला नसता. जुलै २०२२ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की, मागील पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांनी स्वतःचा जीव घेतला. त्यांत भूदलातील ६४२, हवाई दलातील १४८ आणि नौदलातील २९ होते. या मृत्यूंची कारणे सांगताना सरकारी उत्तरांत नोकरीतल्या धोक्याबरोबर वारंवार येतात त्या गोष्टी अशा: घरगुती तंटे, वैवाहिक प्रश्न, पैशांची ओढ, अन्याय झाल्याची भावना. सैन्यावरील ताणाचा एक अभ्यास दिल्लीतील एका लष्करी संस्थेत २०२० साली झाला. निम्म्याहून अधिक जवान तीव्र ताणाखाली दिसतात, असे त्यात म्हटले होते. सेनेच्या वरिष्ठांनी ते मानले नाही. चारशेच्या आसपास माणसांवरून साऱ्या फौजेविषयी बोलता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मला तो आक्षेप अगदीच चुकीचा वाटत नाही. पण निम्मे नसतील, पाव असतील; त्या पावात आपला मुलगा नसेल, हे कोणी लिहून देईल काय?

मातांनो, भगिनींनो, आता मी आपल्याशी अधिक बोलणार आहे, आणि आपण रागावू नये.

पूर्वी घरून आंतर्देशीय पत्र यावयास आठ-दहा दिवस लागत. सासूने लिहविलेली सुनेची तक्रार पलटणीत पोहोचेपर्यंत येथे दोघी एका ताटात जेवत असत. आज मोबाइल आहे. भांडण चुलीपाशी पेटते आणि दुसऱ्या मिनिटास त्याची धग बाराशे मैलांवर पहाऱ्याला निघालेल्या मुलाच्या कानाला लागते. आई आपली बाजू सांगते, पाच मिनिटांनी बायको आपली सांगते. तो कोणाला काय म्हणणार? त्याच्या हातात तेव्हा भरलेले हत्यार असते, आणि त्याला चार तास एकटे उभे राहावयाचे असते. हे चित्र आपण डोळ्यांपुढे आणा. फोन करू नका, असे मी म्हणत नाही. फोन हा त्याचा श्वास आहे. परंतु पहाऱ्याला निघण्याच्या वेळी तक्रार सांगू नये, एवढे तर आपल्या हाती आहे. त्याची ड्यूटी कोणत्या वेळी असते, हे विचारून ठेवा.

उलट बाजूही सांगतो. काही घरे सारेच लपवितात. बाप दवाखान्यात, आणि मुलाला सांगतात, बाबा शेतावर गेले. त्याला गावातल्या मित्राकडून कळतेच. मग त्याचा घरावरचा विश्वास उडतो आणि ‘सर्व ठीक आहे’ या शब्दांतही त्याला संकट दिसू लागते. माझ्या घरी पुढे आम्ही असे ठरविले की, वाईट बातमी थोरल्या भावानेच सांगावी, खरी सांगावी, आणि त्यावर येथे काय केले तेही त्याच वेळी सांगावे. यात काही मोठे शहाणपण नाही. पण त्यानंतर माझी नोकरी सुरळीत झाली.

पैशाचेही बोलले पाहिजे. मुलगा भरती झाला की घराचा पाया खणला जातो, बहिणीच्या लग्नाची बोलणी त्याच्या पगारावर होतात, हळदीचा भाव पडला की खताची उधारी त्याच्याच माथी येते. त्याच्या स्वतःच्या लग्नात तर फौजी जावयाचा भाव म्हणून हुंडा मागणारे लोक आपल्यातही निघतात, आणि दीक्षा घेतलेल्या घराने हे करावे, याची मला लाज वाटते. त्यातून आता २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेचा हिशेब वेगळा आहे. ती योजना जाहीर झाली तेव्हा नेमणूक चार वर्षांची, त्यांतून जास्तीत जास्त शेकडा २५ जण कायम, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी आणि निवृत्तिवेतन नाही, असे तिचे स्वरूप ठेवले होते. शेजारच्या खाटेवरचा सोबती हाच त्यात स्पर्धक होतो. अशा मुलाच्या सेवानिधीवर आधीच कर्ज काढून ठेवणारा बाप त्याच्या मानेवर दुसरी बंदूक ठेवतो.

आणि रजा! वर्षाची ६० दिवसांची रजा व त्याखेरीज ३० दिवसांची नैमित्तिक रजा, असा हिशेब कागदावर आहे. ती मिळणे तुकडीच्या कामावर अवलंबून असते. मुलगा सचखंड एक्स्प्रेसने नांदेडला उतरतो, वसमतमार्गे गावी येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण त्याला तहसीलच्या फेऱ्यांना जुंपतो. संध्याकाळी मित्र कँटीनच्या बाटलीसाठी दारात उभे. पाचवे शील आपण घेतले आहे, ते पाहुण्यांसाठीही आहे. त्याला चार दिवस नुसते झोपू द्या.

तहसीलचे काम कोणी करावे मग? येथे हक्कांचा भाग येतो. सैनिकाला संघ स्थापण्याचा किंवा वर्तमानपत्रात गाऱ्हाणे मांडण्याचा मोकळा अधिकार नाही. संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने संसदेला तशी मर्यादा घालण्याची मुभा दिली आहे, व १९५० च्या सेना कायद्याने ती घातली आहे. शिस्तीसाठी ते समजण्यासारखे आहे. परंतु त्याचा अर्थ असा की, गावातले त्याचे भांडण त्याला तेथून लढता येत नाही; ते आपण लढले पाहिजे. कुटुंबाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. मुलाने आपल्या कमान अधिकाऱ्यांकडून जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक यांस पत्र लिहवून घ्यावे. असे पत्र लिहिण्याची फौजेत जुनी रीत आहे, ती मागण्यात कमीपणा नाही. सैनिक विशेष परिस्थितीत सेवेवर असेल, तर दिवाणी किंवा महसुली न्यायालयातील त्याचा दावा त्याच्या गैरहजेरीत पुढे रेटला जाऊ नये, अशी तरतूद १९२५ च्या भारतीय सैनिक (दावे) कायद्यात आहे. गायरानाची किंवा बांधाची केस चालू असलेल्या प्रत्येक घराने ही गोष्ट वकिलास विचारावी. शिपायाच्या घरावर जातीवरून अत्याचार झाला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या घरासही आहे. आणि खुद्द नोकरीत अन्याय झाला, तर सेना कायद्याच्या २६ व्या कलमाखाली वरच्या अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. त्यापुढे २००७ च्या कायद्याने स्थापिलेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे व त्याचे एक खंडपीठ मुंबईस आहे. मला हे सारे त्या वेळी ठाऊक नव्हते. मी फक्त तो परत आलेला अर्ज खिशात घेऊन फिरत होतो.

मनाचा आजार ही लाजेची गोष्ट नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी आपणांस पुरते खरे सांगतो: जवान लाजेने नव्हे, भीतीने गप्प बसतो. फौजेतील वैद्यकीय श्रेणीत मनाच्या स्थितीचा रकाना आहे. तेथे शेरा पडला तर बढती अडेल, अशी त्याला धास्ती असते, आणि ती अगदीच निराधार नसते. तरीही बढती थांबलेला मुलगा घरी येतो. तेव्हा फोनवर त्याचे बोलणे एकाएकी तुटक झाले, झोप नाही असे तो म्हणू लागला, एकटा पिऊ लागला, आपल्या वस्तू वाटू लागला, ‘माझ्यामागे असे करा’ अशी भाषा त्याच्या तोंडी आली, तर ‘फौजी असून रडतोस’ असे म्हणू नका. त्याला सरळ विचारा: जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय? विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. असलेला बाहेर येतो. त्याच्या कंपनीतील सुभेदारसाहेबांचा नंबर घरात लिहिलेला असावा आणि त्यांना त्याच दिवशी कळवावे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो; सैनिक व त्यांच्या घरच्यांसाठी तिचा खास विभाग पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला.

कोणी विचारील, भगवंतांनी मन शांत ठेवण्याचा मार्ग सांगितला नाही काय? सांगितला आहे, आणि श्वासावर लक्ष ठेवण्याचा मला स्वतःला पहाऱ्यावर फार उपयोग झाला. पण ज्याला रजा हवी आहे त्याला डोळे मिटून बसावयास सांगणे, ही मी त्या उपदेशाची थट्टा समजतो. दुःखाचे कारण शोधा, असे तथागत म्हणाले. कारण तलाठ्याच्या दप्तरात असेल, तर ते तेथे शोधले पाहिजे.

शेवटी एक कागदाची गोष्ट, जी ऐकावयास क्षुल्लक वाटेल. आपण नव्याने दीक्षा घेतली आहे. मुलाच्या सेवापुस्तकात धर्माच्या रकान्यात जुनाच शब्द असेल. त्याचे लग्न बौद्ध पद्धतीने झाले असेल आणि ग्रामपंचायतीत नोंदविलेच नसेल. पलटणीत लग्न, मुलाचा जन्म, वारसाचे नाव हे सारे ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये यावे लागते, ते आले नाही, तर उद्या काही बरेवाईट झाल्यास त्याची पत्नी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत बसते. मी अशा दोन भगिनींबरोबर फिरलो आहे. एकीच्या नावात आधारकार्डावर एक अक्षर जास्त होते, तेवढ्यावर वर्ष गेले. जवानालाही हे आतून ठाऊक असते, आणि चौकीवर रात्री त्याला तेच आठवते.

म्हणून सभा संपल्यावर मी विहाराच्या ओट्यावर बसणार आहे. ज्यांचा मुलगा किंवा जावई पलटणीत आहे, त्यांनी लग्नाच्या नोंदीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि बँकेचे पासबुक घेऊन यावे. नावे एकमेकांशी जुळतात की नाही, ते आपण एकत्र बसून पाहू. आणि पहाटे बिनबुटाने धावणारा तो मुलगा येथे असेल, तर त्याने मला भेटल्याशिवाय जाऊ नये.